कार्बन आणि सिलिकॉन: चार आकड्यांवरून अख्खं प्रकरण कसं उभं करायचं

गोटीसोड्याची बाटली हातात घेऊन नीट बघा. गोटी वरच्या रबरी कड्याला घट्ट चिकटलेली असते, कारण आतला कार्बन डायऑक्साइड तिला वर दाबत असतो. बाटली काचेची, गोटीही काचेची, आणि काचेत सर्वांत जास्त असतो तो सिलिकॉन डायऑक्साइड. आवर्तसारणीत कार्बन आणि सिलिकॉन एकाखाली एक बसतात. दोघांच्या बाहेरच्या कवचात चार-चार इलेक्ट्रॉन, दोघांच्या डायऑक्साइडचं सूत्र कागदावर एकाच साच्याचं. तरीही एक वायू होऊन बाहेर पडायला धडपडतो आणि दुसरा भिंत होऊन त्याला कोंडून ठेवतो.

हे असं का, याचं उत्तर ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं त्याला गट १४ मधले, म्हणजे आवर्तसारणीत या दोघांच्या स्तंभातले, बहुतेक प्रश्न सुटतात. ज्याला येत नाही तो ‘अपवाद’ म्हणून वहीत दोन पानं भरतो आणि परीक्षेत नेमका तिसऱ्या पानावरचा अपवाद येतो. अकरावी-बारावीच्या मुलांना हे प्रकरण शिकवताना एक गोष्ट मला पक्की कळली आहे: हे पाठांतराचं प्रकरण नाही. चार आकडे घ्यायचे आणि त्यांवरून एकेक गोष्ट काढत जायची. खाली तोच क्रम दिला आहे. वही आणि पेन घेऊनच वाचा. मी इथे संयुगांची नावं लिहिली आहेत, तुम्ही प्रत्येकाचं सूत्र वहीत लिहीत चला.

सुरुवात करण्याआधी

आपल्या परीक्षेची त्या वर्षीची माहितीपुस्तिका काढा आणि अभ्यासक्रम वाचा. सीईटी, नीट, जेईई मेन आणि जेईई ॲडव्हान्स्ड यांत गट १४ ची खोली सारखी नाही, आणि गेल्या काही वर्षांत त्यात काटछाटही झाली आहे. कुठे फक्त गुणधर्मांचे कल आणि पहिल्या मूलद्रव्याचं वेगळेपण एवढंच आहे, कुठे सिलिकेट आणि सिलिकोनपर्यंत जायचं आहे. जुन्या नोट्सच्या झेरॉक्सवर विसंबून राहू नका. पहिल्या तीन पायऱ्या मात्र कोणीही गाळू नये, कारण त्याच गोष्टी सेंद्रिय रसायनशास्त्रात आणि बंधांच्या प्रकरणात पुन्हा लागतात.

पायरी १: चार आकडे

अणुअंक ६ आणि १४ तुम्हाला माहीत आहेतच. आता पुढची चार मापं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा.

सहसंयुज त्रिज्या: कार्बन ७७ पिकोमीटर, सिलिकॉन ११८.
पहिली आयनीभवन ऊर्जा: कार्बन १०८६ किलोज्यूल प्रति मोल, सिलिकॉन ७८६.
विद्युतऋणता: कार्बन २.५, सिलिकॉन १.८. (हायड्रोजन २.१ आणि ऑक्सिजन ३.५ हेही शेजारीच लिहा, लागतील.)
बाहेरचं कवच: कार्बनचं २एस-२पी, तिथे डी ऑर्बिटल नाहीच. सिलिकॉनचं ३एस-३पी, आणि सोबत रिकामे ३डी.

कार्बनकडून सिलिकॉनकडे येताना त्रिज्या एकदम ४१ पिकोमीटरने वाढते. पुढे सिलिकॉनपासून जर्मेनिअमपर्यंत ती फक्त चार पिकोमीटरने वाढते, १२२ होते, कारण मध्ये आलेले ३डी इलेक्ट्रॉन केंद्रकाचा प्रभार नीट झाकत नाहीत. म्हणजे गटातली खरी मोठी उडी पहिल्याच पायरीवर आहे. ‘पहिलं मूलद्रव्य वेगळं का वागतं’ या प्रश्नाचं मूळ इथे आहे.

गटातल्या कलांबद्दल एक ठिकाण जपून लक्षात ठेवा. आयनीभवन ऊर्जा वरून खाली कमी होत जाते, पण कथिल ७०८ आणि शिसं ७१५, म्हणजे शेवटी किंचित वाढ. ४एफ आणि ५डी इलेक्ट्रॉनांचं कमजोर आच्छादन हे त्याचं कारण. ‘योग्य चढता क्रम निवडा’ असं विचारलं की सापळा हमखास याच जागी असतो.

पायरी २: एक वायू, एक दगड – हिशेब करून बघा

हा हिशेब स्वतःच्या हाताने करायचाच. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनचे ऑक्सिजनशी दोन दुहेरी बंध असतात. अशा एका बंधाची ऊर्जा साधारण ८०० किलोज्यूल प्रति मोल. दोन बंधांचे झाले १६००. समजा कार्बनने सिलिकॉनसारखं केलं असतं, म्हणजे चार एकेरी बंधांचं जाळं विणलं असतं, तर? कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंध साधारण ३६० चा. चारांचे १४४०. १६०० मोठे, म्हणून कार्बनला दोन दुहेरी बंध परवडतात. रेणू सुटासुटा राहतो, रेणूंमधली ओढ अगदी थोडी, म्हणून वायू.

आता सिलिकॉन. सिलिकॉन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा अंदाज साधारण ६४०, दोनांचे १२८०. एकेरी बंध साधारण ४५०, चारांचे १८००. इथे पारडं उलट्या बाजूला, आणि तेही चांगलंच झुकलेलं. म्हणून सिलिकॉन चार ऑक्सिजन धरतो, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनांना जोडतो, आणि सगळा स्फटिक म्हणजे एकच प्रचंड रेणू होतो. क्वार्ट्‌झ वितळवायचं म्हणजे हे सहसंयुज बंध तोडायचे, म्हणून त्याचा वितळणबिंदू दीड हजार अंश सेल्सिअसच्याही वर.

मुळात सिलिकॉनचा दुहेरी बंध कमजोर का? पाय (π) बंध, म्हणजे दुहेरी बंधातला दुसरा बंध, होण्यासाठी दोन पी ऑर्बिटल एकमेकांवर बाजूने यावे लागतात. सिलिकॉनचा अणू मोठा, त्यामुळे बंध लांब, आणि ३पी ऑर्बिटल पसरट. बाजूने गाठ पडते ती ढिली. कार्बनचे २पी ऑर्बिटल आटोपशीर आणि जवळ असतात, म्हणून एथीन, एथाइन, बेंझीन, कार्बोनिल हे सगळं शक्य होतं.

‘सिलिकॉनचा दुहेरी बंध असूच शकत नाही’ असं विधान मात्र डोळे झाकून बरोबर ठरवू नका. १९८१ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वेस्ट यांच्या गटाने सिलिकॉन-सिलिकॉन दुहेरी बंधाचं स्थिर संयुग बनवून दाखवलं. त्यासाठी दोन्ही बाजूंना अवजड गट लावून तो बंध झाकावा लागला. ‘सहसा होत नाही’ आणि ‘होऊच शकत नाही’ यांतला फरक प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला चांगला ठाऊक असतो.

पायरी ३: साखळी कोणाची लांब

दहावीत मालिकाबंधन शक्ती (आपल्याच अणूंशी जोडून साखळी करण्याची क्षमता) शिकला होतात, तीच ही. कार्बन-कार्बन बंध ३४८ किलोज्यूल प्रति मोल. सिलिकॉन-सिलिकॉन बंधासाठी अनेक पाठ्यपुस्तकं २९७ देतात, काही पुस्तकांत तो आकडा २२० च्या आसपास आहे. यावरून गोंधळू नका, क्रम दोन्हीकडे तोच राहतो: कार्बन, सिलिकॉन, जर्मेनिअम, कथिल असा उतरता. शिसं जवळजवळ साखळी करतच नाही.

पण माझ्या मते साखळीचं खरं कारण निव्वळ या आकड्यात नाही, तुलनेत आहे. कार्बन-कार्बन बंध आणि कार्बन-ऑक्सिजन बंध जवळपास सारख्याच ताकदीचे. म्हणून हवेत ऑक्सिजन असूनही कार्बनची साखळी टिकते. सिलिकॉनचं तसं नाही. त्याला स्वतःशी जोडण्यापेक्षा ऑक्सिजनशी जोडण्यात कितीतरी जास्त फायदा. त्यामुळे सिलिकॉनची लांब साखळी बघायची असेल तर ती सिलिकॉन-सिलिकॉन अशी नसते, सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी असते. पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे २७.७ टक्के सिलिकॉन आहे, तरी मोकळा सिलिकॉन कुठे सापडत नाही, तोही याच कारणाने.

इथेच सिलेन घ्या, म्हणजे मिथेनमधल्या कार्बनच्या जागी सिलिकॉन. मिथेनला पेटायला ठिणगी लागते, सिलेन हवेत आपोआप पेट घेतो. वहीच्या पहिल्या पानावरचे विद्युतऋणतेचे आकडे काढा: कार्बन २.५, हायड्रोजन २.१, सिलिकॉन १.८. मिथेनमध्ये हायड्रोजनवर अंशतः धन प्रभार, सिलेनमध्ये अंशतः ऋण. ध्रुवता उलटी झाली की वागणूकही उलटते. थोडा अल्कली असलेल्या पाण्यात सिलेन हायड्रोजन सोडतो, मिथेन जागचा हलत नाही.

पायरी ४: रिकामे डी ऑर्बिटल – तीन प्रश्न, एक किल्ली

पहिला प्रश्न: कार्बन टेट्राक्लोराइडचं पाण्याने हायड्रोलिसिस (पाण्याशी अभिक्रिया होऊन विघटन) होत नाही, सिलिकॉन टेट्राक्लोराइडचं मात्र लगेच होऊन सिलिसिक आम्ल मिळतं. का? पाण्याच्या रेणूतल्या ऑक्सिजनला आपली एकाकी इलेक्ट्रॉन जोडी ठेवायला जागा हवी. सिलिकॉनकडे रिकामे ३डी आहेत, आणि अणू मोठा असल्याने चार क्लोरीनांमधून आत शिरायला वाटही आहे. कार्बनकडे जागा नाही, आणि लहानशा कार्बनभोवती चार मोठे क्लोरीन भिंतीसारखे उभे. लेखी उत्तरात ‘डी ऑर्बिटल नाहीत’ एवढं पुरतं, पण पक्कं समजून घ्या की ऊर्जेच्या हिशेबाने कार्बन टेट्राक्लोराइडचं हायड्रोलिसिसही फायद्याचंच आहे. तिथे अडतं ते वाटेवर, म्हणजे वेगाच्या बाजूने. विधान-कारण प्रकारच्या प्रश्नात हा बारकावा कामी येतो.

दुसरा: सिलिकॉनभोवती सहा फ्लोरीन असलेला, उणे २ प्रभाराचा आयन मिळतो, पण सहा क्लोरीनवाला मिळत नाही. डी ऑर्बिटल दोन्ही वेळी तेच आहेत, मग फरक कशाचा? आकाराचा. सहा फ्लोराइड मावतात, सहा क्लोराइड मावत नाहीत. शिवाय क्लोराइडच्या एकाकी जोडीची सिलिकॉनशी ओढही तितकी जोरकस नाही. कार्बनभोवती असा सहाचा आयन होतच नाही.

तिसरा: ट्रायमिथिल अमीन पिरॅमिडसारखा, ट्रायसिलिल अमीन मात्र सपाट. पाठ्यपुस्तकी कारण असं की नायट्रोजनची एकाकी जोडी सिलिकॉनच्या रिकाम्या डी ऑर्बिटलमध्ये वाटली जाते, म्हणून नायट्रोजन एसपी२ होतो. जोडी अशी गुंतली की ती इतरांना द्यायला उरत नाही, म्हणून ट्रायसिलिल अमीन आम्लारी म्हणूनही दुबळं. आकार विचारला तरी आणि आम्लारीपणा विचारला तरी उत्तर एकाच जागेवरून निघतं.

पायरी ५: कार्बनची अपरूपं

हिरा आणि ग्रॅफाइट तुम्ही शाळेपासून करत आला आहात, म्हणून फक्त आकडे. हिऱ्यात एसपी३, बंधाची लांबी १५४ पिकोमीटर. ग्रॅफाइटमध्ये एसपी२, थरातल्या बंधाची लांबी १४१.५ आणि दोन थरांमधलं अंतर ३४०. प्रत्येक कार्बनचा चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो, म्हणून ग्रॅफाइट वीज वाहतं, आणि थर एकमेकांवरून घसरतात म्हणून ते वंगण होतं. ऊष्मागतिकीच्या दृष्टीने सर्वांत स्थिर अपरूप ग्रॅफाइट, हिरा नव्हे. त्याची निर्मिती ऊर्जा शून्य धरतात, हिऱ्याची १.९० आणि साठ कार्बनच्या फुलरिनची ३८.१ किलोज्यूल प्रति मोल. ‘सर्वांत कठीण’ आणि ‘सर्वांत स्थिर’ या दोन शब्दांची गल्लत करून दरवर्षी हुशार मुलंही इथे गुण घालवतात.

फुलरिन मात्र हाताने मोजा. १९८५ मध्ये क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांनी तो शोधला, १९९६ मध्ये तिघांना नोबेल मिळालं. त्यात १२ पंचकोनी आणि २० षट्कोनी कडी असतात. एवढंच लक्षात ठेवा आणि बाकीचं काढा. प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांना जोडलेला, म्हणून सिग्मा बंध (दोन अणूंमधला पहिला, थेट बंध) ६० गुणिले ३ भागिले २, म्हणजे ९०. पंचकोनाला पंचकोन चिकटत नाही, म्हणून पंचकोन आणि षट्कोन यांच्यामधल्या कडा १२ गुणिले ५, म्हणजे ६०. उरलेल्या ३० कडा दोन षट्कोनांच्या मधल्या. बंधाच्या दोन लांब्या, १४३.५ आणि १३८.३ पिकोमीटर, त्या याच दोन प्रकारच्या कडांच्या. आखूड कोणत्या? षट्कोन-षट्कोन. पाय बंधही तितकेच, ३०. फुटबॉल जवळ असेल तर त्यावर बोट ठेवून मोजून बघा, काळे तुकडे पंचकोनी असतात.

पायरी ६: ऑक्साइड, झटपट

कार्बन मोनॉक्साइड उदासीन, कार्बन डायऑक्साइड आणि सिलिका (म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड) आम्लधर्मी, कथिल व शिशाचे ऑक्साइड उभयधर्मी, म्हणजे आम्ल आणि आम्लारी दोन्हींशी अभिक्रिया करणारे. सिलिका फक्त दोघांपुढे सहज हार मानते: हायड्रोफ्लुरिक आम्ल आणि सोडिअम हायड्रॉक्साइड. पहिल्याशी सिलिकॉन टेट्राफ्लोराइड, दुसऱ्याशी सोडिअम सिलिकेट. म्हणूनच हायड्रोफ्लुरिक आम्ल काचेच्या बाटलीत ठेवत नाहीत.

कार्बन मोनॉक्साइड प्रयोगशाळेत फॉर्मिक आम्लावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून, ३७३ केल्विनला मिळवतात. उद्योगात तापलेल्या कोकवरून वाफ नेली की वॉटर गॅस (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन), हवा नेली की प्रोड्यूसर गॅस (कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन). या दोन नावांची अदलाबदल करू नका. रेणूत एक सिग्मा आणि दोन पाय बंध असतात. कार्बनवरच्या एकाकी जोडीमुळे तो धातूंशी कार्बोनिल बनवतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनशीही जुळतो. ऑक्सिजनपेक्षा ही जोडणी सुमारे ३०० पट स्थिर. न्हाणीघराच्या बंद खिडक्या आणि आत गॅसचा गिझर ही जोडी जीवघेणी ठरते ती याचमुळे. परीक्षा राहू द्या बाजूला, घरी असा गिझर असेल तर आजच खिडकी उघडी ठेवायला सांगा.

पायरी ७: सिलिकेट – एकच सूत्र, सहा प्रकार

या प्रकरणात मुलं सर्वांत जास्त घाबरतात ते इथे, आणि खरं तर सर्वांत सोपे गुण इथेच आहेत. ऑर्थो, पायरो, चक्री, साखळी, थर, त्रिमिती अशी नावं, प्रत्येकाचं सूत्र, प्रत्येकाचा प्रभार, असं सगळं पाठ करायला जाऊ नका.

एक चतुष्फलक काढा. मधोमध सिलिकॉन, चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन. सिलिकॉन अधिक ४, चार ऑक्सिजन मिळून उणे ८, एकूण उणे ४. आता शेजारी दुसरा चतुष्फलक काढा आणि एक कोपरा दोघांचा सामाईक करा. सामाईक ऑक्सिजन दोघांमध्ये अर्धा-अर्धा वाटला गेला. बस, एवढंच. दर सिलिकॉनमागे सामाईक कोपरे किती, हे मोजा, त्याला ‘स’ म्हणू.

दर सिलिकॉनमागे ऑक्सिजन = ४ उणे ‘स’चे निम्मे.
दर सिलिकॉनमागे प्रभार = ‘स’ उणे ४.

आता चालवून बघू. ‘स’ शून्य: ऑक्सिजन ४, प्रभार उणे ४. हे ऑर्थोसिलिकेट, उदाहरण झिरकॉन. ‘स’ एक: ऑक्सिजन साडेतीन, प्रभार उणे ३. दुप्पट करा: दोन सिलिकॉन, सात ऑक्सिजन, उणे ६. हे पायरोसिलिकेट, उदाहरण थॉर्टव्हाइटाइट. ‘स’ दोन: ऑक्सिजन ३, प्रभार उणे २. इथे दोन शक्यता: दोन्ही टोकं जुळून चक्र, किंवा न जुळता लांबच लांब साखळी. नुसतं गुणोत्तर बघून चक्र की साखळी हे सांगता येत नाही, म्हणून एवढंच पाठ करा की बेरिल हे सहा सिलिकॉनचं चक्र, आणि स्पोड्युमीन, डायोप्साइड या पायरॉक्झीन साखळ्या.

दुहेरी साखळीत निम्म्या चतुष्फलकांचे दोन कोपरे सामाईक, निम्म्यांचे तीन. सरासरी अडीच. ऑक्सिजन २.७५, प्रभार उणे १.५. चारने गुणा: चार सिलिकॉन, अकरा ऑक्सिजन, उणे ६. ही ॲम्फिबोल मंडळी, ॲस्बेस्टॉसचे काही प्रकार याच कुळातले. तिथे धागे का सुटतात, ते आता रचनेवरून दिसेल. ‘स’ तीन: दोन सिलिकॉन, पाच ऑक्सिजन, उणे २. हा थर. शंखजिरं, अभ्रक, चिनी माती. अभ्रकाचे पापुद्रे नखाने सुटतात आणि शंखजिऱ्याची पावडर बोटांत मऊ घसरते, ती या थरांमुळे. ‘स’ चार: ऑक्सिजन दोन, प्रभार शून्य. आपली वाळू, आपलं क्वार्ट्‌झ. सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागात जी सिलिका वाळू काढतात, ती याच पायरीवर बसते.

पुन्हा सांगतो, तक्ता पाठ करू नका. ‘स’ला शून्य ते चार किंमती देऊन तक्ता स्वतः तयार करा. दोन मिनिटं लागतात. एकदा तयार केला की परीक्षेच्या हॉलमध्येही कच्च्या कामाच्या जागेत पुन्हा करता येतो.

उघड्या, ठरावीक लांबीच्या साखळीचं विचारलं तर? सिलिकॉन ‘न’ असतील तर ऑक्सिजन ३न+१ आणि प्रभार उणे (२न+२). ‘न’ला एक आणि दोन देऊन तपासा, ऑर्थो आणि पायरो परत मिळतील. तीनसाठी दहा ऑक्सिजन, उणे ८.

पायरी ८: ॲल्युमिनिअम आत शिरला की

त्रिमिती जाळ्याचा प्रभार शून्य असतो. त्यातला एखादा सिलिकॉन काढून ॲल्युमिनिअम बसवला, तर अधिक ४ च्या जागी अधिक ३ आला. एक ऋण प्रभार शिल्लक राहिला. तो भागवायला सोडिअम, पोटॅशिअम किंवा कॅल्शिअमचे आयन पोकळीत येऊन बसतात. चार सिलिकॉन आणि आठ ऑक्सिजन घ्या, एक सिलिकॉन बदला, एक पोटॅशिअम जोडा: पोटॅशिअम फेल्डस्पार तयार. झिओलाइटही याच न्यायाने बनतात, फरक इतकाच की त्यांच्या जाळ्यात मोठ्या पोकळ्या असतात आणि त्यांत पाणी व आयन सैल बसलेले असतात. सैल आहेत म्हणूनच त्यांची अदलाबदल होते. जड पाण्यातला एक कॅल्शिअम आत, दोन सोडिअम बाहेर, पाणी मृदू. झेडएसएम-५ हा झिओलाइट अल्कोहोलचं थेट पेट्रोलमध्ये रूपांतर करतो, हा एका ओळीचा प्रश्न वारंवार दिसतो.

महाराष्ट्रातल्या मुलांना झिओलाइट बघायला संग्रहालयातच जायला हवं असं नाही. दख्खनच्या काळ्या कातळात, पुणे, नाशिक, जळगाव पट्ट्यात, विहीर किंवा दगडखाण खणताना मध्येच पोकळ्या लागतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला फिकट पीच रंगाचे, पंख्यासारखे पसरलेले स्टिल्बाइटचे स्फटिक बसलेले असतात. तो झिओलाइट. इथले नमुने जगभरच्या संग्रहांत आहेत. त्याच पोकळीत शेजारी हिरवट किंवा पाण्यासारखा पारदर्शक ॲपोफिलाइट असतो, तो मात्र झिओलाइट नाही, थरांचा सिलिकेट आहे. एकाच दगडात ‘स’ चार आणि ‘स’ तीन शेजारी बसलेले.

पायरी ९: सिलिकोन – किती हात मोकळे, ते मोजा

सिलिकॉन हे मूलद्रव्य, सिलिकोन हा बहुवारिक. बोलताना आपण दोन्ही एकच म्हणतो, लिहिताना फरक ठेवा. नावाची गोष्ट मुद्दाम सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नॉटिंगहॅमला काम करणाऱ्या फ्रेडरिक किपिंग यांनी हे नाव रूढ केलं, ते कीटोनच्या धर्तीवर. कागदावरचं सूत्र कीटोनसारखं दिसत होतं. पण पायरी २ आठवा: सिलिकॉनला ऑक्सिजनशी दुहेरी बंध परवडत नाही. त्यामुळे हातात येतो तो कीटोनसारखा सुटा रेणू नव्हे, सिलिकॉन-ऑक्सिजनची साखळी.

कच्चा माल असा: मिथिल क्लोराइड आणि सिलिकॉन, तांब्याचं उत्प्रेरक, सुमारे ५७० केल्विन. १९४० मध्ये यूजीन रोकॉव्ह यांनी ही थेट पद्धत शोधली. यातून एक, दोन किंवा तीन मिथिल असलेले क्लोरोसिलेन मिळतात, ते ऊर्ध्वपातनाने वेगळे करतात. पुढे पाणी घातलं की प्रत्येक क्लोरीनच्या जागी हायड्रॉक्सिल येतो, आणि दोन हायड्रॉक्सिलांमधून पाणी निघून ऑक्सिजनचा पूल बनतो.

म्हणून फक्त क्लोरीन मोजा. एक क्लोरीन म्हणजे एक हात: जोडला आणि संपला, साखळीचं टोक बंद. दोन क्लोरीन, दोन हात: साखळी, किंवा टोकं जुळली तर चक्र. तीन क्लोरीन: फांद्या फुटून जाळं. साखळी किती लांब ठेवायची, हे एका हातवाल्या ट्रायमिथिल क्लोरोसिलेनच्या प्रमाणाने ठरतं. बाहेरून मिथिल गटांचं आवरण असतं, म्हणून पाणी चिकटत नाही. आत सिलिकॉन-ऑक्सिजनचा भक्कम कणा, म्हणून उष्णता सोसते. प्रेशर कुकरच्या पांढऱ्या सिलिकोन रिंगमध्ये या दोन्ही गोष्टी रोज कामाला येतात.

पायरी १०: शुद्ध सिलिकॉन

थोडक्यात आटपा. विजेच्या भट्टीत सिलिकाचं कोकने क्षपण करून सिलिकॉन मिळतो. कार्बन जास्त झाला तर सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे कार्बोरंडम. अतिशुद्ध सिलिकॉनसाठी आधी त्याचा क्लोराइड करून शुद्ध करतात, मग पुन्हा सिलिकॉन, आणि पाठ्यपुस्तकात शेवटी झोन रिफायनिंग येतं. फॉस्फरस मिसळला की एन-प्रकार, बोरॉन मिसळला की पी-प्रकार. हिऱ्यातली ऊर्जा-दरी (बंधातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) सुमारे ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, सिलिकॉनमधली १.१. म्हणून दोघांची स्फटिकरचना तीच असूनही एक रोधक, दुसरा अर्धवाहक.

आता पुस्तक मिटून हे सोडवा

पहिला: एका खनिजात तीन बेरिलिअम (अधिक २), दोन ॲल्युमिनिअम (अधिक ३), सहा सिलिकॉन आणि अठरा ऑक्सिजन आहेत. सामाईक कोपरे किती? ऑक्सिजन भागिले सिलिकॉन तीन, म्हणजे ‘स’ दोन. प्रभार सहा गुणिले उणे २, उणे १२. धातूंचे सहा अधिक सहा, बारा. जुळलं. हा बेरिल.

दुसरा: चार जस्त (अधिक २), दोन हायड्रॉक्साइड, एक पाण्याचा रेणू आणि उरलेला सिलिकेट भाग, ज्यात दोन सिलिकॉन. सिलिकेट कोणता? अधिक ८, हायड्रॉक्साइडचे उणे २, म्हणून सिलिकेटवर उणे ६. दर सिलिकॉनमागे उणे ३, ‘स’ एक, पायरो. सात ऑक्सिजन.

तिसरा: डायमिथिल डायक्लोरोसिलेनचे तीन रेणू आणि ट्रायमिथिल क्लोरोसिलेनचे दोन, यांपासून एकच साखळी बनली. त्यात ऑक्सिजन किती? पाच सिलिकॉन एका ओळीत, मध्ये चार पूल. ऑक्सिजन चार.

चौथा: अभ्रकाच्या थरात दर चार सिलिकॉनांपैकी एकाच्या जागी ॲल्युमिनिअम आहे. थरावरचा प्रभार किती? मूळ थरात चार सिलिकॉनमागे दहा ऑक्सिजन, उणे ४. एक ॲल्युमिनिअम आला, आणखी एक ऋण प्रभार, उणे ५. आता मस्कोव्हाइट अभ्रकाचं पूर्ण सूत्र काढा: एक पोटॅशिअम, थरांमधले दोन ॲल्युमिनिअम, दोन हायड्रॉक्साइड. अधिक १, अधिक ६, उणे २, बेरीज अधिक ५.